नांगर विकायला दोन वर्षं

किर्लोस्कर म्हटलं की आपल्या मंडळात सगळ्यांना आधी अण्णासाहेब आठवतात. सौभद्र, शाकुंतल आणि नाट्यपदं. त्यात चूक काही नाही, आपण साहित्य शिकणारी मुलं. पण त्याच घराण्यात, त्याच गुर्लहोसूर गावात, २० जून १८६९ रोजी आणखी एक किर्लोस्कर जन्मला. त्यानं एकही पद लिहिलं नाही, आणि तरी त्याच्याबद्दल एका वाङ्मयीन अंकात लिहायला माझ्याकडे चांगलं कारण आहे. ते पुढे येईलच. गुर्लहोसूर आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं, सौंदत्तीच्या बाजूचं. म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर तसे आपल्याच भागातले, आणि बेळगावनं त्यांना हातातून जाऊ दिलं ही गोष्टही आपलीच.

वडील काशिनाथपंत विद्वान वळणाचे. मुलानं नीट शिकावं ही त्यांची अपेक्षा असणार, आणि मुलाचं लक्ष चित्रं काढण्यात आणि वस्तू उघडून बघण्यात. थोरले बंधू रामूअण्णा मात्र लक्ष्मणच्या पाठीशी राहिले, आणि ते आयुष्यभर तसेच राहिले. १८८५ च्या सुमारास लक्ष्मण मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. चित्रकार व्हायचं होतं. तिथं कळलं की त्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत, तो अंशतः रंगांधळा आहे. चित्रकला शिकायला आलेल्या मुलाला हे समजणं म्हणजे काय ते आपण कल्पना करू शकतो. रंग सुटले, पण रेघ हाताशी होती. त्यानं यांत्रिक ड्रॉइंग घेतलं. त्यात रंग लागत नाही, माप लागतं. मला या वळणाचं फार कौतुक वाटतं, कारण पुढे त्यांनी जे जे केलं त्यात हीच सवय दिसते. जे जमत नाही त्याच्यावर रडत बसायचं नाही, आणि जे हातात उरलं आहे त्याचं काय करता येईल ते बघायचं.

या ड्रॉइंगच्या जोरावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची नोकरी मिळाली. ही संस्था तेव्हा नवीकोरी होती, १८८७ साली निघालेली, आणि माटुंग्याला नव्हे तर भायखळ्याला होती. मास्तर म्हणून कागदावर यंत्रं काढायला शिकवायचं, आणि तास संपला की वर्कशॉपमध्ये जाऊन तीच यंत्रं खरी कशी चालतात ते बघायचं, असा त्यांचा क्रम. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि पुढेही कधी आली नाही. परदेशातली यंत्रांवरची मासिकं वाचून आणि हात काळे करून ते शिकले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा ती नवलाचीच चीज होती. लक्ष्मणरावांना त्यात धंदा दिसला, आणि तोही मुंबईत नाही तर बेळगावात. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचं दुकान सुरू केलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा इथं विकायचे, दुरुस्त करायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. हे शेवटचं काम मला महत्त्वाचं वाटतं. आज आपण सायकल घेतो ती चालवता येते म्हणून. तेव्हा कुणालाच येत नव्हती. ज्या गावात वस्तू वापरायचं कसबच नाही, तिथं वस्तू विकायची तर कसबही सोबत विकावं लागतं. नांगराच्या वेळी हाच धडा पुन्हा गिरवायचा होता आणि तो खूपच जड जाणार होता, हे अजून दोघांना माहीत नव्हतं.

मुंबईतली नोकरी एका बढतीवरून सुटली. ज्या जागेवर लक्ष्मणरावांचा हक्क होता ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी भांडण केलं नाही. नोकरी सोडून ते बेळगावला, भावाच्या दुकानात आले. त्या काळात सरकारी छापाची नोकरी सोडून सायकलच्या दुकानात येणं म्हणजे नातेवाइकांच्या बैठकीत काय चर्चा झाली असेल, बघा.

सायकलीवर ते थांबले नाहीत. एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, घासायचं एमरीचं चाक आणि चालवायला छोटं इंजिन एवढ्यावर त्यांनी कारखाना म्हणावा असं काहीतरी उभं केलं, आणि पहिली वस्तू केली कडबा कापायचं यंत्र. वरवर हे किरकोळ वाटेल. पण आपल्या भागात ज्वारी किती पिकते ते आठवा. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला तर बैल पानं खातो आणि जाड ताटं तशीच तुडवून टाकतो. चांगला निम्मा चारा शेणात जातो. तोच कडबा बारीक तुकडे करून घातला की सगळा पोटात जातो. यंत्रात करायचं एवढंच की एका बाजूनं कडबा पुढे सरकवत न्यायचा आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या चाकावर बसवलेली पाती फिरती ठेवायची. चाक जड असलं की हातानं फिरवताना मध्येच अडकत नाही, कारण ते आपल्याच वेगानं पुढे जात राहतं. ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी या यंत्राची किंमत शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. गोठ्यात बघितलं तरी दिसते.

नांगराचं मात्र तसं नव्हतं.

आपला जुना नांगर लाकडी. गावचा सुतार तो बाभळीच्या लाकडातून घडवायचा. खाली लोखंडी फाळ, वर धरायला रुमणं, पुढे जुवापर्यंत जाणारी लांब दांडी. हा नांगर जमीन उकरत जातो. त्यानं पडणारी चर वर रुंद आणि खाली निमुळती असते, त्यामुळे दोन चरांच्या मध्ये न नांगरलेला पट्टा राहतो, आणि म्हणून एकदा उभं नि एकदा आडवं असं नांगरावं लागतं. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंद्याची मुळं खोल गेलेली असतात. तिथपर्यंत हा नांगर जातच नाही, आणि खोल घालायचा म्हटला तर बैलांच्या जोड्यांवर जोड्या जुंपाव्या लागतात.

लोखंडी नांगराचं काम वेगळं आहे. त्याचा रुंद फाळ जमीन खालून आडवी कापतो. फाळाच्या मागे एक वळणदार जाड पत्रा असतो, त्याला पंख म्हणतात. कापलेली मातीची पट्टी या पंखावर चढते, वळते आणि उलटी होऊन शेजारच्या चरीत पडते. गवत खाली गाडलं जातं, मुळं वर येऊन उन्हात वाळतात. सगळी करामत त्या पंखाच्या वळणात आहे. वळण फार उभं घेतलं तर माती अडते आणि बैल ओढून ओढून थकतात. फार सपाट घेतलं तर माती नुसती बाजूला सरकते, पलटतच नाही. इंग्लंडात हे वळण तिकडच्या मातीसाठी आणि तिकडच्या भल्याथोरल्या घोड्यांसाठी बसवलेलं होतं. इथं दख्खनची चिकट काळी माती, आणि पुढे बैलजोडी. विलायती नांगर इथं येत होते, लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगराचा शोध लावला असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. त्यांनी तो आपल्याकडे, आपल्या ओतशाळेत, आपल्या शेतकऱ्यासाठी केला. माझ्या मते हे शोध लावण्यापेक्षा कमी अवघड नाही.

१९०३ साली किर्लोस्करांचा नांगर तयार झाला. त्याच वर्षी मे महिन्यात लक्ष्मणराव आणि राधाबाईंना शंतनुराव हा मुलगा झाला, जो पुढे हा सगळा उद्योग कुठल्या कुठे नेणार होता. मुलगा वाढायला लागला, नांगर मात्र जागचे हलेनात. दोन वर्षं नांगर विकला जात नव्हता. शेतकऱ्यांत समज असा होता की लोखंडानं जमिनीत विष उतरतं, काळी आई नासते.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी अडाणी शेतकरी आणि हुशार उद्योजक अशी सांगितली जाते. मला ती तशी सांगावीशी वाटत नाही. विषाची भीती चुकीची होती, मान्य. पण जरा शेतकऱ्याच्या बाजूनं उभं राहून बघा. लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार तो संध्याकाळपर्यंत उभा करून देतो, आणि त्याचे पैसेही रोख द्यावे लागत नाहीत, सुगीला बलुतं दिलं की झालं. लोखंडी नांगर पेरणीच्या तोंडावर मोडला तर तो कुणाकडे न्यायचा? सुतार हात लावणार नाही, गावच्या लोहाराला ओतीव लोखंड जोडता येत नाही. तिकडे पाऊस काही थांबत नाही. एक वर्ष पेरणी चुकली तर सावकाराचं दार. ज्याचं वर्षभराचं पोट एका वस्तूवर लटकणार आहे, तो ती वस्तू शेजाऱ्याच्या शेतात दोन-तीन पावसाळे चाललेली बघितल्याशिवाय घेणार नाही. यात अडाणीपणा कुठे आहे? मीही घेतला नसता.

म्हणून या नांगराचं खरं डिझाइन मला त्याच्या सुट्या भागांत दिसतं. फाळ दगडाला लागून झिजणार, हे ठरलेलंच. तेव्हा फाळ वेगळा ओतायचा आणि बोल्टानं बसवायचा. झिजला की शेतकऱ्यानं पाना घेऊन बांधावरच तो काढायचा आणि दुसरा लावायचा. अख्खा नांगर टाकायचा नाही, गाडीत घालून बेळगावला आणायचा नाही. पण यासाठी एक अट आहे. आज ओतलेला फाळ दोन वर्षांपूर्वी विकलेल्या नांगरावर बोटभरही इकडे तिकडे न होता बसला पाहिजे. सुताराच्या कामात प्रत्येक नांगर वेगळा असतो आणि तसा चालतो. इथं सगळे सारखेच हवेत. भायखळ्याला पोरांना मापं शिकवणारा ड्रॉइंग मास्तर या कामाला अगदी योग्य माणूस होता, रंग दिसोत न दिसोत.

हळूहळू गाडं हललं. एकानं घेतला, शेजाऱ्यानं पाहिला, मग त्यानं घेतला. उसाच्या आणि खोल नांगरटीच्या भागात नांगराचं नाव झालं. आणि नेमकं तेव्हाच बेळगावची जागा गेली. कारखाना जिथं होता ती जागा नगरपालिकेला गावाच्या विस्तारासाठी हवी होती. कारखाना हलवा म्हणून सांगण्यात आलं. चाळिशीला आलेला माणूस, पाच-सहा वर्षं घासून नुकतं कुठे बस्तान बसलेलं, आणि आता यंत्रं उचलून जायचं तर कुठे?

या अडचणीत लक्ष्मणराव औंधला एका सभामंडपाचं बांधकाम बघायला होते. औंधचे नवे राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, १९०९ साली गादीवर आले होते. ते स्वतः हाडाचे चित्रकार. चित्रकार राजा आणि चित्रकार होता होता राहिलेला यंत्रज्ञ, या दोघांचं जमलं. राजानं दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली.

जमीन म्हणजे काय, तर माळ. निवडुंगाचं रान, पाण्याची मारामार आणि सापांची वस्ती. शंतनुरावांनी पुढे इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं त्याच्या नावात गुलाबांच्या आधी कॅक्टस आहे, तो याच माळावरचा निवडुंग. पण एक गोष्ट लक्ष्मणरावांनी बरोबर हेरली होती. बेळगावहून मिरजेवरून पुण्याकडे जाणारी रेल्वे या माळाच्या कडेनं जात होती. लोखंड आणि कोळसा गाडीनं आणायचा, नांगर गाडीनं पाठवायचे. बाकी सगळं नसलं तरी चालेल, स्टेशन हवं. १९१० च्या मार्चमध्ये वीस-पंचवीस कामगार बायकामुलांसकट त्या माळावर उतरले आणि निवडुंग तोडायला लागले. पुढे त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं.

विलायतेत साबण करणाऱ्या लिव्हर कंपनीनं कामगारांसाठी पोर्ट सनलाइट नावाचं टुमदार गाव वसवलं होतं. लक्ष्मणरावांनी त्याबद्दल वाचलं होतं आणि तसं काही आपणही करू असं त्यांच्या मनात होतं. घरं, शाळा, झाडं सगळं हळूहळू झालं. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा त्यांचा दंडक होता, आणि १९१० च्या सुमारास असा दंडक घालणं म्हणजे शेजारपाजारच्या गावांशी वैर घेण्यासारखंच. माणसं निवडायची त्यांची पद्धतही अजब होती. शंभूराव जांभेकर कॉलेज न करता वाडीचे इंजिनिअर झाले. शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर नवनवी यंत्रं बसवणारे कल्पक तंत्रज्ञ झाले. हिशेब मंगेशराव रेगे बघायचे. आणि रात्रीचा पहारा? तो दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांकडे. चोरी कुठून होते हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार, असा हिशेब असेल किंवा माणसावरचा विश्वास असेल. मला वाटतं दोन्ही असावं.

१९१४ ला महायुद्ध लागलं आणि परदेशी लोखंड येईनासं झालं. नांगराला मागणी होती, पण ओतायला काही नव्हतं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर गंजत पडलेल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. आमच्या चर्चमध्ये आगमनकाळात यशया संदेष्ट्याचं वाचन येतं, त्यात तलवारींचे नांगराचे फाळ होतात. लहानपणापासून ते ऐकताना मला ही फक्त उपमा वाटायची. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून थोड्याच कोसांवर हे खरोखर घडलेलं आहे, तेही वजन करून आणि भट्टीत घालून. इतिहासप्रेमींना तोफा गेल्याचं वाईट वाटेल, ते मी समजू शकते. पण त्या वर्षी कुणाच्या तरी शेतातली हरळी त्या तोफेनं उपटली असणार.

आता मघाशी म्हटलेलं कारण. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षी वाडीहून किर्लोस्कर खबर नावाचं एक पत्रक निघायला लागलं. काम साधं होतं, कारखान्याची माहिती द्यायची आणि मालाची ओळख करून द्यायची. ते बघायला लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव होते. पण सायकल विकताना सायकल शिकवावी लागली होती ना, तसंच हेही झालं. वाचणारा मिळाला की त्याला नुसती यंत्रं किती दिवस पुरणार? पत्रकात लेख आले, कथा आल्या, समाजसुधारणेचे वाद आले. पुढे खबर हा शब्द गेला, नुसतं किर्लोस्कर राहिलं. १९३० ला स्त्री निघालं, मग मनोहर. मराठीतल्या कितीतरी लेखकांनी, आणि विशेष म्हणजे लिहिणाऱ्या बायकांनी, या मासिकांत जागा मिळवली. आपण अभ्यासक्रमात त्या काळची कथा शिकतो तेव्हा या मासिकांची नावं येतात, पण ती एका नांगराच्या कारखान्याच्या पत्रकातून उगवली हे कुणी सांगत नाही. निदान आमच्या वर्गात तरी कुणी सांगितलं नाही.

नांगरानंतर ऊस गाळायचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली, विहिरीवरचे रहाट आले. १९२६ साली पंप आला. मोटेला बैल, माणूस आणि अख्खा दिवस लागायचा. पंपाच्या पोटात पात्यांचं एक चाक गरगरा फिरतं, पाणी मधून आत येतं आणि वेगानं कडेला फेकलं जाऊन पाइपातून वर चढतं. आज गावाकडे विहिरीवर किर्लोस्कर म्हटलं की लोक पंपच समजतात. नांगराचं नाव मागे पडलं, ट्रॅक्टरनं ते पुसलंच. कारभार शंतनुरावांच्या पिढीकडे गेला, हरिहरला लेथ व्हायला लागले, पुण्याला ऑइल इंजिनं. तो पसारा मी इथं सांगत नाही, त्याला वेगळा लेख लागेल, आणि मला त्यात लक्ष्मणराव फारसे दिसत नाहीत. मला ते दिसतात ते दोन वर्षं न विकलेल्या नांगरांच्या शेजारी. माल खपत नाही म्हणून ते शेतकऱ्याला नावं ठेवत बसले असते तर आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. १९६९ साली, जन्मशताब्दीला, पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं.

आपल्या गावात त्यांच्या नावाचा किर्लोस्कर रोड आहे. कपड्यांची, चपलांची, भांड्यांची दुकानं, सणासुदीला चालायला जागा नसते. ओतकाम बेळगावातून गेलं असंही नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, आपल्यातल्या बऱ्याच जणांचे वडील-काका तिथं कामाला आहेत. आणि शिकलेली मुलं पुण्याच्या गाडीत बसतात, ती गाडी मिरज सोडून पुढे निघाली की किर्लोस्करवाडी लागते. काही गाड्या तिथं थांबतात.